वाफ नव्हे, औषधाचे धुके



आपल्या चाकणच्या बाजूला दमेकऱ्याला धाप लागली की लोक म्हणतात, “दवाखान्यात नेऊन वाफ द्या.” शब्द सोपा आहे, पण त्याने घोटाळा होतो. एका घरी आम्ही पाहिले. दम्याच्या मुलाची छाती घरघरत होती. आईने पातेल्यात पाणी उकळले, त्यात बाम टाकला आणि पोराला चादरीखाली बसवले. “दवाखान्यात तरी दुसरं काय करतात?” असे ती म्हणाली. पोर तळमळले. पातेले कलंडता कलंडता राहिले.

दवाखान्यात दुसरेच करतात. त्या यंत्राला नेब्युलायझर म्हणतात. त्यात पाणी उकळत नाही.

आपण कांद्यावर फवारणी करतो. नोझल खराब असले तर जाड थेंब पडतात आणि जमिनीवर गळतात. नोझल बारीक असले तर धुके होते, ते पातीपातीत शिरते. इथेही तसेच. खोक्यात हवेचा पंप असतो. पंक्चरच्या दुकानातल्या पंपाचा धाकटा भाऊच म्हणा ना! ही हवा नळीतून एका लहान कपात येते. कपात पातळ औषध असते. हवा बारीक छिद्रातून जोराने सुटते, औषध वर ओढते आणि त्याचे कण कण करते. एका मिलिमीटरचे 200 भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा किंवा त्याहून लहान कण छातीत खोल उतरतो. जाड थेंब घशातच चिकटतो.

दम्यात श्वासनळ्या आवळतात, आतून सुजतात. साल्ब्युटामॉल नावाचे औषध आवळलेल्या नळ्या सैल करते. काही मिनिटांत दम कमी होऊ लागतो. पातेल्यातल्या वाफेत हे औषध नसते. मग नळी सुटणार कशी?

रोग्याला ताठ बसवावे. मास्क नाकातोंडावर नीट बसवावा. लांब धरला तर औषध खोलीत उडून जाते. कपात डॉक्टरांनी सांगितलेलेच औषध घालावे. नळाचे पाणी किंवा निलगिरीचे तेल घालू नये. नंतर कप आणि मास्क धुऊन वाळवावा. ओल्या कपात जंतू वाढतात, आणि पुढच्या वेळी तेच छातीत जातात. औषधाने हात थोडे थरथरतात, छाती धडधडते. ते थोड्या वेळाने थांबते.

“मशीनची सवय लागते,” असे पुष्कळजण म्हणतात. सवय लागत नाही. पण यंत्र वरचेवर लागू लागले तर आतली सूज वाढली आहे असे समजावे. सुजेचे औषध वेगळे असते. बरे वाटले तरी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. कारखान्यात रंगाच्या किंवा धुळीच्या खात्यात काम करता, सुटीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेले की पुन्हा धाप लागते, असे असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बरेचजण हेच सांगायचे विसरतात.

माणसाला धापेने एक वाक्य पुरते बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर घरी यंत्र असले तरी वाट पाहू नका. 108 ला फोन करा. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, पण अशा वेळी जे रुग्णालय जवळ असेल तेच गाठा.