शेवटचा घोट कधी घेतला?

प्राचार्य, अध्यापक, लांबून आलेले आईवडील आणि आजपासून ज्यांना लोक 'सिस्टर', 'ब्रदर' अशी हाक मारतील ते तुम्ही सगळे,

भंडाऱ्यात व्यसनाबद्दल बोलायचं म्हणजे घरातलंच बोलणं. मोहाची कुठे मिळते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तंबाखूचा खर्रा घोटणारा ठेला शोधायला पत्ता लागत नाही. पण मी आज गजाआडच्या माणसाबद्दल बोलणार आहे.

तरुणपणी मी एका कारागृहात डॉक्टर म्हणून जात असे. एका शुक्रवारी मारामारीच्या गुन्ह्यातला एक मजूर आत आला. झडती झाली, वजन-रक्तदाब लिहिला, 'तक्रार नाही' हा शेरा मीच मारला. रविवारी रात्री तो बॅरेकच्या भिंतीवरून नसलेल्या मुंग्या झटकत होता, घामानं निथळत होता. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "नाटक करून राह्यला, साहेब."

नाटक नव्हतं. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो. त्यात माणूस दगावूही शकतो. हा वाचला. पण शुक्रवारीच मी "शेवटचा घोट कधी घेतला?" एवढं विचारलं असतं, तर पुढचं टळण्यासारखं होतं. औषधं काही महागडी नाहीत: डायझेपामसारखी गोळी, मापानं देऊन हळूहळू कमी करायची, आणि थायमिन, तेही ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची 10 प्रश्नांची यादी तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलीच असेल. खरी मेख विचारण्यात आहे. पोलिसासमोर "पिता का?" म्हटलं की उत्तर "नाही". शिपायाला चार पावलं मागे उभं करून, नजर कागदावर ठेवून "रोज किती पव्वे लागतात?" विचारा, मग माणूस हिशोब सांगतो. खर्ऱ्याचंही विचारा. तो तुटल्यावरची चिडचिड बॅरेकमधल्या भांडणात निघते.

येरवडा म्हटलं की आपल्याला तुरुंग आठवतो. त्याच येरवड्यात, मनोरुग्णालयाच्या आवारात, 1986 साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथं व्यसनी माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास आजारातच धरले आहेत, आणि बंदिवानांच्या उपचारासाठी वेगळं कलम ठेवलं आहे. कागद तयार आहे. पण 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळालेला दिसला. ही तुरुंगाबाहेरची गत.

आणि सुटकेचा दिवस आपण विसरतो. आपल्या तुरुंगांत चारांतले साधारण तीन कच्चे कैदी. कधी जामीन होईल, सांगता येत नाही. ब्राऊन शुगर घेणाऱ्याला तर जास्तच धोका, कारण आत असताना शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर जुना डोस जीव घेतो. दारू पिणारा कपड्यांची पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभा राहतो. लाखांदूरची गाडी तासाभरानं, दुकान रस्त्यापलीकडे. तेव्हा त्याच्या खिशात जिल्हा रुग्णालयाचा केसपेपर हवा, पुढची तारीख घातलेला. ती तारीख त्याला आत असतानाच मोठ्यानं वाचून दाखवा. अनेकांना वाचता येत नाही.