आभाळाचे छायाचित्र : शोभा आणि साक्ष
(भाषणाचा संपादित मजकूर)



हवामानाच्या छायाचित्रांची स्पर्धा हा विषय प्रथमदर्शनी केवळ हौसेचा वाटतो. विद्यापीठे आणि हवामानशास्त्राच्या संस्था अशा स्पर्धा भरवितात, चित्रे भिंतीवर लागतात, पारितोषिके वाटली जातात आणि समारंभ संपतो. परंतु ढगांच्या छायाचित्रणाचा इतिहास पाहिला म्हणजे या हौसेमागे शास्त्राची एक मोठी गरज उभी होती, हे ध्यानात येते.

ढग क्षणाक्षणाला रूप पालटतो. म्हणूनच त्याला नाव देता येईल, असे शतकानुशतके कोणास वाटले नव्हते. लंडनमधील औषधी रसायनांचे व्यावसायिक ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ च्या डिसेंबरात एका छोट्या अभ्यासमंडळापुढे निबंध वाचला आणि ढगांना लॅटिन नावे दिली. पिंजलेल्या तंतूंसारखा तो सिरस, राशीसारखा रचलेला तो क्युम्युलस, थरासारखा पसरलेला तो स्ट्रेटस आणि पाऊस देणारा तो निंबस. ही नावे थोड्याफार फरकाने आजही जगभर चालतात.

नावे मिळाली, तरी एक अडचण उरलीच. एका देशातील निरीक्षक ज्याला राशिमेघ म्हणतो, त्यालाच दुसऱ्या देशातील निरीक्षकही राशिमेघ म्हणतो कशावरून? शब्दांनी हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. त्यासाठी चित्र हवे होते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे हिल्डेब्रँडसन यांनी १८७९ मध्ये आपल्या वर्गीकरणास छायाचित्रांची जोड दिली. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाने फार लवकर उजळत. त्यामुळे निळे आकाश आणि पांढरा ढग दोन्ही सारखेच पांढरे उमटत. मग कोणी पिवळी काच वापरली, तर कोणी काळ्या आरशातील प्रतिबिंबाचे चित्र घेतले. अशा खटपटीतून १८९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मेघचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला आणि देशोदेशींच्या वेधशाळा एका भाषेत बोलू लागल्या.

हे काम केवळ प्राध्यापकांचे नव्हते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता. १८८५ मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात अशी पाच हजारांहून अधिक चित्रे जमविली. शेती सांभाळून त्याने केलेले हे काम आजही आदराने पाहिले जाते.

अलीकडचे उदाहरण याहून बोलके आहे. खवळलेला समुद्र खालून पाहावा तसे दिसणाऱ्या एका ढगाची छायाचित्रे अनेक देशांतील सामान्य लोकांनी जमविली. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी चित्रांच्या स्थळकाळाचा हवामानाच्या नोंदींशी मेळ घालून पाहिला. अखेर २३ मार्च २०१७ रोजी, जागतिक हवामान दिनी, जागतिक हवामान संघटनेने मेघचित्रसंग्रहाची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि तीत ‘ॲस्पेरिटास’ या नावाने त्या रूपाची नोंद झाली. तारीख, वेळ आणि ठिकाण यांची नोंद नसती, तर ती चित्रे नुसती नवलाची ठरली असती.

यावरून स्पर्धा भरविणाऱ्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. प्रत्येक चित्राबरोबर गाव, दिनांक, वेळ, कॅमेऱ्याची दिशा आणि त्यानंतर पाऊस आला की नाही, एवढी माहिती मागावी. रंग गडद केलेले किंवा दोन चित्रे जोडून केलेले चित्र कितीही मनोहर असले, तरी शास्त्राच्या दृष्टीने ती खोटी साक्ष होय. गारांचे चित्र घेताना शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे. गार थोड्या वेळात विरघळते. पंचनाम्यासाठी माणूस पोहोचेपर्यंत तिचा मागमूस उरत नाही. नाण्याशेजारचे चित्र मात्र तिचा आकार सांगत राहते.

शाळांना तर हा उपक्रम सहज करता येईल. वर्गाने रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागेवरून, एकाच दिशेच्या आकाशाचे एक चित्र घ्यावे आणि खाली पर्जन्यमापकाचा आकडा लिहावा. वळिवाच्या दिवसांत सकाळचा लहानसा राशिमेघ दुपारी कसा उंच चढतो आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा कसा पसरतो, हे मुलांना पाठ करावे लागणार नाही. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असेल. गावातील वृद्ध शेतकऱ्यांचे आडाखेही या नोंदींशी ताडून पाहता येतील. त्यांतील खरे कोणते आणि निव्वळ समजूत कोणती, ते वर्षभरात कळू लागेल.

मात्र एका गोष्टीबाबत तडजोड नको. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात, असे अधिकृत नोंदी सांगतात. विजेचे चित्र घेण्याच्या मोहाने उघड्या माळावर, डोंगरमाथ्यावर, झाडाखाली अथवा पाण्यात उभे राहणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. वीज चमकल्यावर आकडे मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. तेव्हा तत्काळ पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. स्पर्धेच्या नियमांत हे पहिलेच कलम असावे, आणि जीव धोक्यात घालून घेतलेले चित्र उत्तम असले तरी बाद ठरवावे.

आज खेडोपाडी मोबाईल फोन पोहोचला आहे. उप्सालाच्या प्राध्यापकांना ज्या साधनासाठी झटावे लागले, त्याहून चांगले साधन शेतकऱ्याच्या खिशात आहे. त्याला प्रामाणिक नोंदीची जोड मिळाली, तर गावाच्या आभाळाचा इतिहास गावानेच लिहिलेला असेल आणि पुढील पिढीच्या हवामान अभ्यासकांना तो मोलाचा वाटेल.