व्यापारशिक्षण आणि चक्राकार अर्थविचार



व्यापारविद्या शिकविणाऱ्या विद्यापीठांतून माल स्वस्तात कसा करावा, तो अधिक कसा खपवावा आणि नफ्याचा हिशेब कसा मांडावा, या गोष्टी प्रामुख्याने शिकविल्या जातात. विकलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र बहुधा विक्रीच्या पावतीपाशीच थांबतो. तो अभ्यासक्रमात यावा, असा चक्राकार अर्थविचाराचा आग्रह आहे. वस्तू दीर्घकाळ टिकावी, तिची दुरुस्ती व्हावी आणि अखेरीस तिच्यातील द्रव्य पुन्हा उपयोगात यावे, हे या विचाराचे सार होय.

1966 साली केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने पृथ्वीला अवकाशयानाची उपमा देऊन तिच्यावरील साठ्यांची मर्यादा दाखवून दिली. 1976 साली वॉल्टर स्टाहेल व जेनेव्हीव्ह रेडे यांनी युरोपीय आयोगास सादर केलेल्या अहवालात, वस्तूंचे आयुष्य वाढविल्यास इंधन वाचून रोजगार वाढतो, असे प्रतिपादन केले. दुरुस्तीस माणसांचे हात अधिक लागतात, हे त्याचे साधे कारण आहे.

हा विषय विद्यार्थ्यांपुढे मांडावयाचा तर डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग या बंदराच्या गावाचे उदाहरण घ्यावे. तेथे भूजल अपुरे असल्यामुळे 1961 साली तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी तिस्सो सरोवराचे पाणी आणण्यात आले. 1972 पासून त्या कारखान्यातील जादा वायू शेजारच्या जिप्समच्या तक्त्यांच्या कारखान्यास मिळू लागला. पुढे वीजकेंद्राची वाफ इतर कारखान्यांस पुरविली गेली, आणि 1993 पासून धूर शुद्ध करताना निर्माण होणारे जिप्सम तक्त्यांसाठी उपयोगी पडले. यामागे कोणतीही सरकारी योजना नव्हती. शेजाऱ्यांची परस्परांशी ओळख होती, आणि प्रत्येक करारात उभयपक्षी लाभ होता. विद्यार्थ्यांनी या प्रत्येक पक्षाचा जमाखर्च स्वतः मांडून पाहावा.

परंतु उदाहरणाची दुसरी बाजूही शिकविली पाहिजे. 2020 च्या सुमारास ते वीजकेंद्र कोळसा सोडून लाकडाच्या इंधनाकडे वळले, आणि कोळशाच्या धुरापासून मिळणाऱ्या जिप्समचा उगमच आटला. दुसऱ्याच्या टाकाऊ द्रव्यावर उभारलेला व्यवसाय त्या द्रव्याइतकाच अस्थिर असतो. शिवाय पुनर्निर्मितीसही शक्ती खर्चावी लागते, आणि कागदाचे तंतू तर प्रत्येक फेऱ्यात आखूड होत जातात. म्हणून प्रथम गरज कमी करावी, मग दुरुस्ती व पुनर्वापर करावा, आणि पुनर्निर्मिती शेवटी करावी, हा क्रम विद्यार्थ्याच्या मनावर ठसला पाहिजे.

परीक्षेत एखादी साधी वस्तू देऊन तिचा खाणीपासून उकिरड्यापर्यंतचा प्रवास लिहावयास सांगावा, आणि तिच्या विल्हेवाटीचा खर्च कोण सोसतो, हेही विचारावे. वहीत न लिहिलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी, बहुधा दुर्बळाच्या अथवा पुढील पिढीच्या, माथी बसतो. हे ऋण ओळखणारा व्यापारी घडविणे, हे त्या शिक्षणाचे खरे प्रयोजन आहे.