शब्द पोचले पाहिजेत
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



वर्षभर मी कापडबाजारात असतो आणि गणपतीत आपल्या मिक्सरवर. गेल्या वर्षी भजनानंतर पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “आवाज खूप येतो रे, पण शब्द येत नाहीत.” त्यांची नातवंडं इथे सुरतेत गुजराती-इंग्रजी शाळांत शिकतात. मराठी पदं त्यांच्या कानांवर पडतात ती याच दिवसांत. शब्दच पोचत नसतील, तर मांडव घालायचा कशासाठी?

चूक माझीच होती. गाणारा दबला की मी त्याचा माइक वाढवायचो. मग तबलजी मागायचे, मग पेटीवाले. शेवटी सगळेच मोठे आणि गाणारा होता तिथेच!

खरा उपाय वाढवण्यात नसून जागा करून देण्यात आहे. इक्वलायझर आवाजाचा एखादा पट्टा तेवढाच कमी-जास्त करतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर त्याच्याशी जुळवलेला तबला २७७ हर्ट्झचा, म्हणजे बरोबर वरचा षड्ज. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर सुरेल होतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवलं. म्हणून तो गाण्याशी जुळतो आणि म्हणूनच त्याच्या वाटेतही येतो. पेटीच्या सुरांचे उपस्वर तर पार वरपर्यंत जातात. त, स यांसारखी व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः २००० हर्ट्झच्या वर, आणि तिथेही पेटी हजर!

म्हणून यंदा तीन गोष्टी करणार आहे. गाण्याच्या माइकमधला १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापायचा. तिथे फक्त धक्के आणि घुमणं असतं, ती जागा डग्ग्याची. पेटीचा ३००० हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा, तीन-चार डेसिबल, उतरवायचा. आणि झांजा माइकपासून लांब, कारण त्यांना माइक लागतच नाही. एकेक वाद्य वेगळं ऐकून हे जमत नाही. एकटी ऐकली तर अशी पेटी फिकी वाटेल. पेटीवाले काका, रागावू नका. सगळे मिळून वाजवाल, तेव्हाच ऐका.

बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असत. तेव्हा कुठला इक्वलायझर? गाणाऱ्याला जागा साथीदारच द्यायचे. आजही पहिली जागा त्यांनीच द्यायची आहे. यंत्राचा नंबर त्यानंतर.

यंदा त्या आजींना मी पुन्हा पहिल्या रांगेत बसवणार आहे. एक जरी शब्द कळला नाही, तरी त्यांनी हात वर करायचा. माझं लक्ष त्या हाताकडे असेल.

गणपती बाप्पा मोरया!