गरोदर माता आणि साखरेचा आकडा
(संस्थेच्या माता-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे, इतिहास शिकविणारा मास्तर आहे. तरी आज रक्ताच्या तपासणीवर बोलायला उभा आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे.

माझी धाकटी बहीण गरोदर होती. नर्सबाईंनी तिला ग्लुकोजचे पाणी पिऊन रक्त द्यायला बोलावले. तिच्याजवळ 'तीन महिन्यांच्या साखरे'चा, म्हणजे एचबीए१सी तपासणीचा कागद होता. आकडा ५.३. घरात शिकलेला मी! कागद पाहून म्हणालो, "हे तर उत्तम आहे, पुन्हा सुई कशाला?" ती गेली नाही. सातव्या महिन्यात अखेर ते पाणी प्याली, तेव्हा साखर १६८ निघाली.

तो कागद खोटा नव्हता. १९६८ च्या सुमारास तेहरानचे डॉ. सॅम्युएल रहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन आढळले, त्यातूनच ही तपासणी पुढे आली. साखर हिमोग्लोबिनला चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब लागतो. परंतु गरोदरपणी पेशी लवकर बदलतात. कोवळ्या पेशींना साखर चिकटायला अवधी मिळत नाही, आणि आकडा कमी दिसतो. उलट, अंगात लोह कमी असेल तर तो वाढूनही दिसतो. आणि आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बाया काय थोड्या आहेत? शिवाय वारेतून निघणारे संप्रेरक इन्सुलिनला अडवतात, ते मुख्यतः पाचव्या-सहाव्या महिन्यापासून. आधीचा कागद पुढचे काय सांगणार?

म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. १४० किंवा अधिक आले तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. उपाशी राहावे लागत नाही. सरकारी नियमाप्रमाणे ही तपासणी पहिल्या भेटीत, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान.

बहिणीचे बाळ ४ किलो २०० ग्रॅमचे झाले. आम्ही मिठाई वाटायला निघालो, तोच डॉक्टरांनी बाळाला काचेच्या पेटीत ठेवले. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. बाळाचे स्वादुपिंड मग स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते, बाळ फुगते. नाळ कापल्यावर साखर थांबते, इन्सुलिन मात्र उरते. बाळाची साखर झपाट्याने उतरते. तीन दिवस अम्मी त्या काचेपाशी बसून होती. माझ्याशी कोणी काही बोलले नाही.

आता भाचा ठणठणीत आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा पाहायची असते. चाळीस दिवस भरताच बहीण म्हणाली, "भाईजान, आता मी बरी आहे, कशाला?" या खेपेस मीच तिला रिक्षात बसवून घेऊन गेलो.