भूक, थायरॉइड आणि आपण



आपल्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून मी डॉक्टर झाले. त्यामुळे बॅचच्या ग्रुपवर मैत्रिणी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, "मी जेवतच नाही, तरी वजन उतरत नाही. थायरॉइड असेल का गं?" आज त्याबद्दलच बोलते.

थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखरासारखी ग्रंथी. शरीराची चूल किती पेटवायची हे तिचे टी-३ आणि टी-४ हार्मोन ठरवतात. पण ती आपल्या मर्जीने चालत नाही. मेंदूचा निरोप आला की पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते आणि मग थायरॉइड कामाला लागते. मेंदूला घरातल्या साठ्याची खबर कोण देतं? आपली चरबी! तिच्यातून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते शोधलं. रिकाम्या जठरातून निघून भूक जागी करणारं घ्रेलिन १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना सापडलं.

एखाद्या एकादशीने काही बिघडत नाही. पण सलग काही दिवस उपाशी राहिलं की लेप्टिन झपाट्याने उतरतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. तो थायरॉइडला जाणारा निरोप ढिला करतो, टी-३ घटतं, चूल मंदावते. त्याच वेळी घ्रेलिन भुकेची हाकाटी करत राहतं. बीडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या आईवडिलांनी खडी फोडून सुकडीवर दिवस काढले. कणगीतले दाणे सरत आले की आई भाकरी लहान थापायची. शरीरही तेच करतं.

म्हणजे उपासमारीने आलेला थकवा हा थायरॉइडचा आजार नव्हे. त्यात टीएसएच सहसा वाढत नाही. ग्रंथीच थकली तर मात्र टीएसएच चढतं. हा फरक रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून वजन उतरवायला शेजारणीची गोळी कधीही घेऊ नका. गरज नसताना घेतली तर छातीत धडधड होते आणि हाडं ठिसूळ होतात.

ज्यांना खरंच हा आजार आहे त्यांनी गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा निदान अर्ध्या तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर.

आता मित्रांना एक सांगणं. थायरॉइड मंदावली की भूक बहुतेक वेळा कमीच होते. वाढलेल्या वजनात शरीरात साठलेल्या पाण्याचा आणि मिठाचा वाटा मोठा असतो. तेव्हा घरातल्या बाईला "खाऊन खाऊन सुटलीस" असं म्हणू नका. ती बिचारी आधीच अर्धी भाकरी खात असेल. तिला घेऊन तपासणीला जा.

आपल्या बाईंनी आणि गुरुजींनी आपल्याला एक सवय लावली, आधी कारण शोधायचं, मग उत्तर लिहायचं. वजनाच्या बाबतीतही तेवढंच करू या.