खेळणारं लेकरू आणि खेळ घडवणारं लेकरू

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांकडे बऱ्याच पालकांनी एकच प्रश्न लिहून दिलाय : ‘आमचं लेकरू गेम डिझाइन शिकायचं म्हणतंय. शिकू द्यावं का?’ मी पुण्यात याच धंद्यात आहे, म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. हो की नाही, ते मी एका शब्दात सांगणार नाही. फी भरण्याआधी काय बघायचं, ते सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करू. पैसे लावून खेळायची रमी म्हणजे गेम डिझाइन नव्हे. तसल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. आणि रात्रभर मोबाइलवर गोळीबार करत बसणं हेही गेम डिझाइन नव्हे. रोज हॉटेलात जेवणारा माणूस काही आचारी होत नाही.

आता ‘इमर्सिव्ह’ म्हणजे काय? आपण पडद्यासमोर नसून पडद्याच्या आत आहोत, असं वाटायला लावणारं. उदाहरण आपल्या रानातलंच घेऊ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावर सूचना असतात, पण मुंगीएवढ्या अक्षरात. समजा, हीच गोष्ट व्हीआर हेडसेटमधून शिकवायची आहे. डोळ्यांवर तो चष्मा चढवला की तुम्ही पाठीवर पंप घेऊन छातीएवढ्या कपाशीत उभे. वाऱ्याकडे तोंड करून फवारलं की एरवी न दिसणारा तुषार लाल होऊन तुमच्या हातावर, सदऱ्यावर, ओठांवर बसताना दिसतो.

यात डिझायनरचं काम कोणतं? वारा कधी फिरवायचा, पहिल्यांदा चुकू द्यायचं की आधीच सावध करायचं, नजर हाताकडे जावी म्हणून आवाज कोणत्या बाजूनं द्यायचा, हे त्यानं ठरवायचं. मान वळवली की दृश्यही त्याच क्षणी वळलं पाहिजे. त्यासाठी सेकंदाला ७२ ते ९० चित्रं लागतात. तिथं अडखळलं की माणसाला गाडी लागल्यासारखं मळमळतं आणि तो चष्मा काढून ठेवतो. मग तुमचं सगळं शिकवणं वाया.

असा खेळ आपल्या कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना विचारून, मराठीत व्हावा, ही माझी जुनी इच्छा आहे. पऱ्हाटीत कधी न उतरलेल्या माणसाला तो नीट जमणार नाही. आपल्या लेकरांकडे हे भांडवल आधीच आहे, फक्त कोणत्याही माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं.

निव्वळ करमणुकीचे खेळही आहेतच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी वाडे, छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी ते थांबले नाहीत आणि पुढं ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्यांना नामांकन मिळालं. अशा कामात प्रोग्रॅमर असतात, चित्रकार असतात, आवाज करणारे, गोष्ट लिहिणारे, चुका शोधणारे टेस्टर असतात. हेच कसब शस्त्रक्रियेच्या सरावाला, कारखान्यातल्या आगीच्या प्रशिक्षणाला, संग्रहालयांना आणि न बांधलेलं घर गिऱ्हाइकाला फिरून दाखवायलाही लागतं.

पण नोकरीचं खरं सांगतो. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरातल्या गेम कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली. पहिली नोकरी पुष्कळदा टेस्टरची मिळते : एकच दार दिवसभर उघडायचं आणि ते कधी अडकतं ते लिहायचं. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्याला एकच विचारा, मागच्या वर्षीची पोरं कुठं कामाला लागली आणि त्यांनी कोणते खेळ केले? तो उत्तर टाळू लागला तर शेत गहाण ठेवून फी भरू नका.

सरकारी वाटा आहेत. बारावीनंतर आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा. तिला कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही शाखा चालते आणि हातानं चित्र काढावं लागतं. पदवीनंतर एनआयडीच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज २०२५ मध्ये सुरू झाली आहे. आणि साधं संगणकशास्त्र शिकूनही या धंद्यात येता येतं. माझ्या मते, घरची ऐपत बेताची असेल तर हीच वाट बरी. गेमचं नाही जमलं तरी हातात दुसरं काम राहतं.

या सगळ्याच्या आधी उन्हाळ्याची एक सुट्टी द्या. गोडो आणि ब्लेंडर हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. लेकरानं एवढाच खेळ करायचा : एक खोली, एक किल्ली, एक दार. कॉम्प्युटर नसेल तर पुठ्ठ्यावर पट आखून सोंगट्यांचा नवा खेळ करा, तेही चालेल. मग तो आजीला खेळायला द्यायचा आणि शेजारी तोंड मिटून बसायचं. आजी कुठं अडकली ते वहीत लिहायचं, खेळ बदलायचा, पुन्हा आजीला द्यायचा. ‘आजीला काही कळतच नाही’ असं म्हणून लेकरू उठलं, तर घाई करू नका. ‘माझी किल्लीच नीट दिसत नाही’ म्हणत ते चौथ्यांदा खोली मांडायला बसलं, तर त्याच्या फीचा विचार करा. मुलींनाही हीच कसोटी लावा. ‘पोरीला कशाला’ हा प्रश्न चिठ्ठ्यांमध्ये दोनदा आलाय, म्हणून मुद्दाम सांगतोय. ‘राजी’तली ढाल-तलवारीची लढाई पोरगीच लढते.

मी सोबत दोन हेडसेट आणलेत. जेवणानंतर आठवी ‘ब’च्या वर्गात बसतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी खुर्चीवर बसूनच बघा, आणि हो, जेवण थोडं कमीच करून या.